ट्रॉलीचे मागचे दिवे

धान निघाले की नागभीडचे रस्ते रात्रीही जागे असतात. बांधीतले पुंजणे मोडतात, चुरणी होते, पोती भरतात. मग ती पोती ट्रॉलीत चढतात आणि ट्रॅक्टर निघतो. कोणी ब्रह्मपुरीकडे जातो. कोणी तळोधीवरून सिंदेवाहीकडे जातो. कोणी कानपा-भिवापूरच्या वाटेला लागतो. कोणाला राइस मिल गाठायची असते, कोणाला खरेदी केंद्र. दिवस लहान असतात. माल भरता भरता सूर्य मावळतो आणि ट्रॅक्टर अंधारात रस्त्याला लागतो.

याच दिवसांत आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो. दिवाळी झाली की गावोगाव मंडप पडतात. नाटक रात्रभर चालते. माणसे मोटारसायकलीवर बसून दहा-दहा कोस जातात आणि पहाटे डोळ्यांत झोप घेऊन परततात. म्हणजे पाहा, एकाच अंधाऱ्या रस्त्यावर पुढे हळू चालणारी धानाची ट्रॉली असते आणि मागून जोरात येणारी मोटारसायकल असते. त्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसली नाही तर काय होते, ते आम्ही सांगायला नको. अशी बातमी ज्या गावात पोचली नाही असे गाव विरळा.

ट्रॅक्टरला पुढे मोठे दिवे असतात. त्यांच्या उजेडात चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, म्हणून ते बिघडले की तो लगेच दुरुस्त करतो. ट्रॉलीच्या मागचे दिवे त्याला स्वतःला दिसत नाहीत. ते दुसऱ्याच्या जिवासाठी असतात. म्हणूनच ते वर्षानुवर्षे बंद राहतात. या पाठात आम्ही ते दिवे कसे लावावे, त्यांच्या तारा कशा जोडाव्या आणि ते बंद का पडतात, हे सांगणार आहोत.

अंधाराचा हिशेब

आधी एक साधा हिशेब करू. मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने येत आहे असे धरा. म्हणजे ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातो. तेवढ्यात १७ मीटर संपले. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला आणखी पंचवीस मीटर तरी लागतात. मिळून झाले ४२ मीटर. रस्ता ओला असला किंवा त्यावर रेती पडली असली तर याहून जास्त.

आता दुसरी बाजू पाहा. मातीने माखलेली, गंजलेली ट्रॉली खाली पाडलेल्या झोतात पुष्कळदा ३० मीटरवर आल्याशिवाय दिसतच नाही. पाहिजेत ४२ मीटर आणि मिळाले ३०. राहिलेले १२ मीटर कोठून आणायचे? ते उसने मिळत नाहीत. ट्रॉलीचा मागचा फाळका मोटारसायकलवाल्याच्या छातीच्या उंचीवर असतो, हेही लक्षात घ्या.

जंगलाच्या रस्त्यावर आणखी एक गोष्ट घडते. घोडाझरीच्या बाजूला जंगल आहे. तेथील अभयारण्य २०१८ साली जाहीर झाले. रानडुक्कर किंवा चितळ एकदम रस्त्यावर येते. ट्रॅक्टरवाला करकचून ब्रेक दाबतो. मागच्याला ते जनावर दिसत नाही. त्याला फक्त ट्रॉलीचा ब्रेकचा दिवा सांगू शकतो की पुढची गाडी थांबते आहे.

आपल्या वाडवडिलांना हे ठाऊक होते. रात्री बंडी निघाली की ते खाली कंदील टांगत. बैलाला त्या कंदिलाची गरज नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला बंडी दिसावी म्हणून तो असे. ट्रॉलीचा तांबडा दिवा म्हणजे तोच कंदील.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्या नियमांप्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. ट्रॉलीच्या मागे दोन्ही बाजूंना तांबडे रिफ्लेक्टरही हवेत. १५५ मीटरवरून दिवा दिसला तर मागच्याला नऊ सेकंद मिळतात. नऊ सेकंदांत माणूस सहज सावरतो.

कोणते दिवे लागतात?

ट्रॉलीच्या मागे प्रत्येक बाजूला तीन कामांचे दिवे असतात.

पहिला, मागचा तांबडा दिवा. पुढचे दिवे लावले की हा लागतो आणि लागलेला राहतो.

दुसरा, ब्रेकचा दिवा. हाही तांबडाच, पण जास्त तेजस्वी. ब्रेक दाबला तरच लागतो.

तिसरा, वळण्याचा दिवा, म्हणजे इंडिकेटर. हा नारिंगी असतो आणि उघडझाप करतो.

पुष्कळदा पहिल्या दोन कामांना एकच बल्ब असतो. त्याच्या पोटात दोन तारा असतात. लहान तार ५ वॅटची, ती मागच्या दिव्याची. मोठी तार २१ वॅटची, ती ब्रेकची. या बल्बच्या दोन खुंट्या वरखाली असतात, म्हणजे तो एकाच रीतीने बसतो. उलटा बसवायला जोर करू नये.

याखेरीज नंबराच्या पाटीवर उजेड पाडणारा एक लहान दिवा लागतो. तो मागच्या तांबड्या दिव्याच्याच तारेवर चालतो.

वीज जाते तशी परत येते

तारा जोडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. बॅटरीतून वीज निघते, दिव्यातून जाते आणि पुन्हा बॅटरीकडे परत येते. जाण्याची वाट आहे पण येण्याची वाट नाही, तर दिवा लागत नाही.

ट्रॅक्टरात १२ व्होल्टची बॅटरी असते. तिला दोन टोके असतात. एक धन, म्हणजे प्लस. दुसरे ऋण, म्हणजे मायनस. बहुतेक सगळ्या ट्रॅक्टरांत ऋण टोक लोखंडी अंगाला जोडलेले असते. त्यामुळे परतीसाठी वेगळी तार टाकत नाहीत. ट्रॅक्टरचे लोखंडच परतीची वाट होते. या वाटेला मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात.

ट्रॉलीचे काय? ट्रॉली ट्रॅक्टरला एका पिनेने अडकवलेली असते. त्या पिनेवर गंज असतो, चिखल असतो, ग्रीस असते. ती सारखी हलत असते. लोखंडाला लोखंड लागले आहे असे डोळ्यांना दिसते, पण विजेला वाट मिळेलच असे नाही. म्हणून ट्रॉलीला अर्थची स्वतंत्र तार टाकलीच पाहिजे. ट्रॉलीचे दिवे बंद पडण्याचे फार मोठे कारण ही न टाकलेली किंवा तुटलेली तार असते.

पाच तारा आणि पाच चिठ्ठ्या

ट्रॉलीकडे पाच तारा जातात: मागचा दिवा, ब्रेक, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर आणि अर्थ.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये सात खुंट्यांची जोडणी असते. ट्रॅक्टरवर सॉकेट, ट्रॉलीच्या तारेला प्लग. खुंट्यांजवळ बारीक आकडे कोरलेले असतात. सर्वसाधारण पद्धत अशी आहे: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा मागचा दिवा, ६ ब्रेक, ७ डावा मागचा दिवा. २ नंबर आपल्या कामाला लागत नाही. ५ आणि ७ यांना एकाच तारेतून वीज देता येते.

आता सावध राहण्याची गोष्ट. तारेच्या रंगावर विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरच्या तारा चार हातांनी चार वेळा जोडलेल्या असतात. हाती जो रंग लागला तो वापरलेला असतो. म्हणून प्रत्येक तार तपासावी आणि तपासली की लगेच कागदाची चिठ्ठी तिला बांधावी. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावे: डावा, उजवा, ब्रेक, मागचा, अर्थ. आपण लिहायला शिकलो ते अशा कामासाठीही.

आपल्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंतच शिकले होते. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निराळ्या ठेवल्या, निराळ्या पेरल्या. त्यातून एचएमटी धान निघाले आणि दूरवर गेले. नीट पाहणे आणि एकात दुसरे मिसळू न देणे, एवढ्याने केवढे काम होते! तारांचेही तसेच आहे.

काम कसे करावे?

हे सामान जवळ घ्यावे: पक्कड, पेचकस, पाना, पॉलिश पेपर, चिकटपट्टी, फ्यूज आणि तपासणीचा दिवा. तपासणीचा दिवा घरी करता येतो. १२ व्होल्टचा एक लहान बल्ब होल्डरमध्ये बसवावा आणि त्याला दोन लांब तारा जोडाव्या. झाले.

पहिले काम तारा ओळखण्याचे. तपासणीच्या दिव्याची एक तार ट्रॅक्टरच्या घासून साफ केलेल्या लोखंडाला लावा. दुसरी तार ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याजवळच्या तारेला लावा. आता सीटवर बसलेल्या माणसाला एकेक बटण दाबायला सांगा. मोठे दिवे लावल्यावर बल्ब लागला तर ती मागच्या दिव्याची तार. डावा इंडिकेटर दिल्यावर बल्ब उघडझाप करू लागला तर ती डावी. मिळाली तार की बांधा चिठ्ठी.

दुसरे काम बॅटरी सोडण्याचे. ऋण टोक आधी सोडावे. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना लोखंडाला लागला, तर मोठी ठिणगी पडते. ऋण टोक आधी सोडले की ती भीती राहत नाही. काम झाल्यावर ऋण टोक सगळ्यांत शेवटी जोडावे.

तिसरे काम तारा टाकण्याचे. ट्रॉलीच्या खालच्या लोखंडी पट्टीच्या आतून, प्लॅस्टिकच्या नळीतून तारा न्याव्या. चाकापासून दूर ठेवाव्या. जेथे लोखंडाच्या भोकातून तार जाते तेथे रबरी कडी बसवावी. नाही तर धक्क्याधक्क्याने लोखंड तारेचे कातडे कापते. ट्रॉली मागे उलटणारी असेल तर बिजागरीजवळ तार सैल ठेवावी. एकदा ट्रॉली पूर्ण उचलून पाहावी, म्हणजे तार ताणते का, दबते का, ते कळेल. पुढेही वळणावर ताण येणार नाही इतकी तार मोकळी असावी, पण ती जमिनीला घासता कामा नये.

चौथे काम अर्थचे. अर्थची तार सगळ्यांत जाड घ्यावी. कारण काय? प्रत्येक दिव्याची वीज आपापल्या तारेने जाते, पण परत येताना सगळ्यांची वीज या एकाच तारेने येते. लहान ओढे मिळाले की नाला रुंद लागतो, तसेच हे. इतर तारा दीड चौरस मिलिमीटरच्या असल्या तर अर्थची तार अडीचची असावी. प्रत्येक दिव्यापासून ही तार आणावी. ट्रॉलीच्या अंगालाही एका ठिकाणी ती नटबोल्टने आवळावी. त्या जागेचा रंग आणि गंज आधी घासून काढावा.

पाचवे काम जोडांचे. दोन तारा पिळल्या आणि चिकटपट्टी लावली, असा जोड एक पावसाळा टिकत नाही. तार पिळून तिला डाख लावावा. मिस्त्री त्याला सोल्डर म्हणतात. किंवा तांब्याची टोपी चढवून पकडीने घट्ट दाबावी. वरून रबरी नळी चढवावी. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत ट्रॉली चिखलातून जाते. जोडात पाणी शिरले की तांबे हिरवे पडते आणि वीज अडते.

फ्यूज म्हणजे राखणदार

वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. ब्रेकचे दोन दिवे २१ वॅटचे, मिळून ४२ वॅट. ४२ ला १२ ने भागले की आले साडेतीन अँपिअर. मागचे दोन दिवे मिळून १० वॅट, म्हणजे एक अँपिअरही नाही. इंडिकेटर एका वेळी एक बाजूचा, पावणेदोन अँपिअर. मिळून सहा अँपिअरच्या आसपास. अर्थ सोडली तर कोणत्याही एका तारेतून साडेतीन अँपिअरपेक्षा जास्त वीज जात नाही. म्हणून ट्रॉलीकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेत, ट्रॅक्टरच्या बाजूला, ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. अर्थच्या तारेत फ्यूज घालू नये.

फ्यूज कशाला? तारेचे कातडे फाटून ती लोखंडाला लागली तर वीज दिव्यातून न जाता सरळ परत पळते. तार लाल होते. ट्रॉलीत तणस भरले असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. अशा वेळी फ्यूज आधी जळतो आणि वीज तोडतो. फ्यूज जळाला म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणे म्हणजे राखणदाराला बांधून चोराला दार उघडणे होय. आधी तार कोठे लागते आहे ते शोधावे. मग त्याच मापाचा नवा फ्यूज घालावा.

जुन्या ट्रॅक्टरच्या अडचणी

काही जुन्या ट्रॅक्टरांना ब्रेकच्या दिव्याचा स्विचच नसतो. तो बाजारात मिळतो. पायाखालचे पेडल दाबले की स्विच सुटावा आणि दिवा लागावा असा तो बसवतात. ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक असतात. शेतात ते वेगळे वापरतात. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल कडीने जोडलेच पाहिजेत. एकच ब्रेक दबला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला फिरवते. शिवाय ज्या पेडलाला स्विच नाही ते दाबले तर दिवाही लागत नाही.

जुनी बटणे झिजलेली असतात. ट्रॉलीच्या दिव्यांचा भार पडला की ती तापतात. अशा वेळी मध्ये रिले बसवावा. कालव्याचे जड दार एक माणूस लहानशा चाकाने उघडतो, आणि मोठे पाणी दारातून जाते. रिले तेच करतो. बटणातून थोडीच वीज जाते, ती रिलेचे दार उघडते. दिव्यांची मोठी वीज बॅटरीकडून, फ्यूजमधून, त्या दाराने जाते. बटण थंड राहते.

इंडिकेटरची उघडझाप फ्लॅशर नावाची डबी करते. जुना फ्लॅशर ठराविक बल्बांसाठीच असतो. ट्रॉलीचे बल्ब वाढले की उघडझाप बिघडते. ट्रॉलीसह चालणारा फ्लॅशर मागून घ्यावा. एलईडी दिवे बसवायचे असतील तरीही दुकानदाराला फ्लॅशरबद्दल विचारावे. एलईडी दिवे वीज फार थोडी घेतात आणि धक्के सोसतात. पण त्या थोड्या विजेवर जुना फ्लॅशर नीट चालत नाही.

बिघाड कसा ओळखावा?

एकच दिवा लागत नाही: बल्ब पाहा. मग त्याची टोपी आणि होल्डर घासून साफ करा.

एका कामाचे दोन्ही दिवे लागत नाहीत: त्या तारेचा फ्यूज पाहा. मग प्लगमधली खुंटी पाहा.

कोणताच दिवा लागत नाही: प्लग नीट बसला का ते पाहा. मग अर्थची तार पाहा.

इंडिकेटर दिला की मागचे तांबडे दिवेही मंद मंद उघडझाप करतात: हे दुखणे अर्थचेच समजा. परतीची वाट बंद झाली की वीज शेजारच्या दिव्यातून शिरून आडवाटेने परत जाऊ पाहते. बल्ब बदलून हे दुखणे जात नाही.

रस्त्यावर धक्का बसला की दिवे विझतात, पुन्हा लागतात: कोठेतरी जोड सैल आहे. तार हातात धरून हळूहळू हलवत जा, जागा सापडेल.

दिवा विझला आणि रात्र झाली, तर?

बल्ब केव्हाही जाऊ शकतो. रिफ्लेक्टर मात्र विजेशिवाय चमकतो. म्हणून दोन तांबडे रिफ्लेक्टर आणि फाळक्यावर चमकणारी तांबडी पट्टी असावीच. चिखल लागला तर तीही आंधळी होते. ओल्या फडक्याने पुसायला अर्धे मिनिट लागते. पोत्यांची दोरी, ताडपत्री किंवा लोंबणारे तणस दिव्यावर येऊ देऊ नये. त्यामागे लावलेला दिवा न लावल्यासारखाच.

ट्रॉली रस्त्यात बिघडली तर ती होता होईल तो रस्त्याच्या खाली उतरवावी. तसे जमत नसेल तर मागे पन्नास पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवावा. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा करावा. पुष्कळ लोक अशा वेळी रस्त्यावर धोंडे मांडतात आणि गाडी सुरू झाली की तसेच सोडून जातात. ट्रॉली जाते, धोंडे राहतात आणि पहाटे कोणाचा तरी मुलगा त्यांवर आदळतो. धोंडे मांडूच नयेत. मांडले असतील तर ते उचलल्याशिवाय जागा सोडू नये.

आणि ट्रॉली मालासाठी आहे. नाटकाला असो की वरातीला, माणसे तीत भरून नेऊ नयेत.

निघण्यापूर्वी

हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ट्रॅक्टरजवळ लावून ठेवावे. एकाने सीटवर बसावे, एकाने ट्रॉलीच्या मागे उभे राहावे. मागच्याने वाचावे, सीटवरच्याने करावे.

प्लग घट्ट बसला का?
मागचे दोन्ही दिवे लागले का?
ब्रेक दाब. दोन्ही तेजस्वी झाले का?
डावा इंडिकेटर दे. डावाच लागला का?
उजवा दे. उजवाच लागला का?
रिफ्लेक्टर पुसले का?
दोन्ही ब्रेक कडीने जोडले का?

घरचा कोणीही हे वाचू शकतो. शाळेत जाणारी मुलगी वाचील, साक्षरता वर्गात जाणारी तिची आईही वाचील. दोन मिनिटांचे काम आहे. सातही प्रश्नांना ‘होय’ मिळाले तरच ट्रॅक्टर अंगणातून बाहेर काढावा. एकाला जरी ‘नाही’ आले तर धान सकाळपर्यंत थांबू शकते.